चोकचं बटण

मॉरिस मायनर. एकावन्न सालची.
मगदूमांच्या हळदीच्या वखारीतून
चार हमालांनी ढकलत आणली शंभर फुटीवर,
माझ्या दुकानापुढं.
एका पुरात बॉनेटपर्यंत बुडालेली,
मग कुपवाडला नेऊन अशी रंगवलेली
की दारात वाकून भांग पाडावा.
सुरू तेवढी होत नव्हती.

पायगोंडा मगदूम म्हणाले, दस्तगीरभाई,
एकदा हरिपुरापर्यंत जाऊन यायचंय.
बास.

डिस्ट्रिब्यूटर उघडला. झाकणात हळद.
पॉइंटच्या फटीत, रोटरच्या पितळेवर,
नवरदेवाच्या कानामागं राहते तशी.
पॉलिश पेपर मारला, कंडेन्सर बदलला.
दोन नंबरच्या प्लगवर ठिणगी आली
जाईच्या कळीएवढी,
आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी नवी.
या गाड्यांचा हिशेब उलटा असतो,
धन मातीत, ऋण तारेत.
मगदूम हसले, आमचंही तसंच होतं की,
सगळं धन पेवात, जमिनीखाली.
स्टार्टर उतरवला, ब्रश घातले, सेल्फ मारला.
घर्र... घ... र्र...
दुपारी जेवून पडलेल्या माणसाला हाक मारावी,
त्यानं आलो आलो म्हणावं
आणि कूस बदलावी.

तिसरा दिवस कार्ब्युरेटरात गेला.
पंप टिकटिकत होता, म्हणजे पेट्रोल येत होतं.
उंदरांनी खाल्लेली वायर सापडली, जोडली,
ती हॉर्नची निघाली.
शेजारचा टायरवाला सल्ले द्यायला लागला.
रात्री घास उतरेना. बायको म्हणाली,
गाडी काय आपली आहे का?
म्हटलं, हात आपले आहेत.

बिरू जतकडचा. येऊन तीन महिने झालेत,
अजून पाना मागितला की पक्कड देतो.
चौथ्या दिवशी तो आत, मी बॉनेटमध्ये:
ओढ. मार. सोड. परत ओढ.
मध्येच म्हणाला, मिस्त्री, बटण भाजतंय.
कसलं?
चोकचं. हात लावून बघा.
मी म्हणणार होतो, उन्हात भाजणारच, लेका.
तोंड उघडलंही होतं.
गाडी लिंबाच्या सावलीत होती.

इंजिन रबरावर बसतं,
रबरातून वीज जात नाही.
म्हणून इंजिनापासून चेसिसपर्यंत एक पट्टी असते,
तांब्याची, विणलेली, बोटभर रुंद.
आलेल्याला घरी पोचवायचं, एवढंच तिचं काम.
कुपवाडच्या रंगाऱ्यानं तिच्या दोन्ही टोकांखाली
प्रायमर दिला, दोन हात रंग दिला, वर लॅकर.
जीव लावून दिला.
रस्ता बंद.
मग ती चोकच्या तारेनं जात होती,
सुतळीएवढ्या तारेनं, अख्ख्या स्टार्टरचं ओझं घेऊन,
तापत, अडखळत, पण जात होती.
आणि मी तीन दिवस बघत बसलेलो
वीज येते का.
परत कुठनं जाते, हे चाळीस वर्षांच्या मिस्त्रीनं
विचारलंच नव्हतं.

खरवडायला घेतलं तेव्हा मगदूमांनी तोंड फिरवलं.
नवा रंग, पापुद्र्यानं पडत होता.
खाली लोखंड पांढरं दिसलं. पट्टी, वॉशर, बोल्ट,
वरून ग्रीसचं बोट.
सेल्फ मारला.
एका हाकेत उठली. टायरवाल्यानं टायर सोडला.

हरिपूरच्या रस्त्याला चिंचांच्या सावल्या
बॉनेटवरून सरकत काचेवर येत होत्या.
मगदूम काही बोलले नाहीत, गिअर मात्र
दोनदा उगाच बदलला.
सायलेन्सरमधून भाजक्या हळदीचा वास.
बिरू मागच्या सीटवरनं वाकून
दर फर्लांगाला बटणाला बोट लावून बघायचा,
आहे गार, आहे गार.

रात्री बिल लिहायला बसलो.
वॉशर दोन. ब्रश जोडी. रंग खरवडणे.
बिरूच्या बोटाचे किती लावायचे
ते काही ठरेना.